रतीब आणि खाडा

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या शेजारी कालनिर्णय टांगलेलं आहे. तारखांच्या चौकटींत बारीक अक्षरात दुधाचा हिशेब. रोजचं लिटर लिहायची गरज नसते, वेगळं घडेल तेवढंच लिहायचं. पाहुणे आले त्या दिवशी ‘२’. दूध घेतलं नाही त्या दिवशी ‘खा’, म्हणजे खाडा. महिनाअखेर दूधवाला येतो, खाडे मोजतो, पैसे घेतो. इतक्या वर्षांत असं एकदाही झालं नाही की ओळीने दोन खाडे पडले म्हणून बायकोने कपाळाला हात लावला आणि म्हणाली, ‘आपल्याच्याने दूध घेणं होत नाही, आपला स्वभावच तसला, आता पुढच्या एक तारखेपासून बघू.’

सकाळच्या फिरण्याबद्दल मात्र हे वाक्य मी कितीतरी वर्षं म्हणत होतो.

नोकरीचा बराचसा काळ मी मलकापूर-अकोला अपडाऊन केलं. सकाळी पळत गाडी धरायची, संध्याकाळी दमून उतरायचं. वेळ नाही ही सबब तोवर खपली. मग रक्तातली साखर काठावर आली आणि डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलं. त्याच रविवारी मी भुसावळहून बूट आणले. सोमवारपासून पहाटे पाचला उठायचं, तासभर चालायचं, आल्यावर प्राणायाम, चहात साखर बंद, रात्रीचा भात बंद. गुरुवारी पाऊस आला. शुक्रवारी गुडघा कुरकुरला. शनिवारी ‘आता सोमवारपासूनच’ असं ठरलं. पुढे वर्षभर ते बूट खोक्यात होते आणि खोक्यावर इस्त्रीचे कपडे.

तेव्हा पुढे जे सांगतोय ते शहाण्या माणसाचं सांगणं समजू नका. पंधरा-वीस सोमवार वाया घालवलेल्या माणसाचा हिशेब आहे.

माझी चूक साधी होती. सवय म्हणजे रतीब, आणि मी तिला नवसासारखं वागवत होतो. नवसात एक दिवस चुकला की सगळं बाटलं. रतिबात चुकलेला दिवस लिहून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पातेलं पुन्हा ओट्यावर असतं. मनोवृत्ती बदला, दृष्टिकोन बदला असं भाषणांतून ऐकतो तेव्हा नेमकं काय बदलायचं ते कोणी सांगत नाही. माझ्यापुरतं सांगायचं तर नवसाचं मन सोडून रतिबाचं मन धरायचं, इतकंच मला बदलावं लागलं. पण त्याला दिवस लागले.

किती दिवस? ‘एकवीस दिवस करा, सवय लागते’ हे तुमच्याही व्हॉट्सॲपवर आलं असेल. या आकड्याचं मूळ मजेशीर आहे. अमेरिकेतले प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल माल्ट्झ यांनी १९६० साली आलेल्या आपल्या पुस्तकात लिहिलं होतं की, शस्त्रक्रियेने बदललेला चेहरा आरशात आपला वाटायला माणसाला निदान एकवीस दिवस लागतात. पुढे वाटेत त्यातलं ‘निदान’ गळालं आणि चेहऱ्याच्या जागी सवय येऊन बसली. खरोखर मोजून पाहिलं ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्यांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. ९६ जणांनी बारा आठवडे रोज एकेक लहान गोष्ट केली. कोणी जेवताना फळ खाल्लं, कोणी नाश्त्यानंतर पेलाभर पाणी प्यायलं, कोणी रात्रीच्या जेवणाआधी पळून आलं. ती गोष्ट आपसूक व्हायला लागण्याचा काळ काढला तर कोणाचा १८ दिवस, कोणाचा २५४, आणि मधला आकडा ६६. आपल्याकडच्या भाषेत, मृगात सुरू केलेलं अंगवळणी पडायला पोळा जवळ येतो, आणि गोष्ट अवघड असेल तर थेट माघातला गजानन महाराजांचा प्रकटदिन उजाडतो. पाणी पिण्याची सवय लवकर लागली, व्यायामाची उशिरा. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, ती मला आकड्यांपेक्षा मोलाची वाटते. मधला एखादा दिवस चुकल्याने सवय घडण्यावर फारसा परिणाम झाला नाही. आमच्या दूधवाल्याला हे आधीपासून ठाऊक आहे.

मग एका खाड्याने आपण का कोसळतो? यासाठी मी मराठीतल्या एका अक्षराला जबाबदार धरतो, ते म्हणजे ‘च’. ‘मला रोज पाचला उठता आलंच पाहिजे.’ ‘या वर्षी वजन उतरलंच पाहिजे.’ अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमाराला विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. कि. मो. फडके यांनी आयुष्यभर खपून तो विचार मराठी वाचकांपर्यंत आणला. एलिस यांचं म्हणणं असं की, घटनेपेक्षा घटनेवर आपण लादलेली हट्टी मागणी आपल्याला जास्त छळते. इंग्रजीत ती मागणी सांगायला त्यांना पुस्तकं लिहावी लागली. मराठीत ती एका अक्षरात मावते. ‘आज चालायला हवं होतं’ म्हटलं की चुकचुकल्यासारखं होतं. ‘आज चालायलाच हवं होतं’ म्हटलं की स्वतःवर चीड येते. त्यानंतर ‘माझ्याच्याने काही होणारच नाही’ हे वाक्य आलंच म्हणून समजा. त्यात दोनदा ‘च’ आहे.

करून पाहण्यासारखी पहिली गोष्ट हीच. आठवडाभर काहीही नवीन सुरू करू नका. फक्त स्वतःशी बोलताना ‘च’ कुठे कुठे येतो ते पकडा आणि तेच वाक्य त्याच्याशिवाय म्हणून बघा. चालायचं आहे. आज चाललो नाही. उद्या चालेन. कोणाला ही ढिलाई वाटेल. मलाही वाटली होती. पण कडक ‘च’ घेऊन मी चार दिवस चालत होतो, आणि मऊ वाक्य घेऊन आता पाचवं वर्ष चालू आहे.

नुसतं मनाशी बोलून मन बदलत नाही, हेही एलिस यांना स्वतःवरून कळलं होतं. एकोणिसाव्या वर्षी त्यांना मुलींशी बोलायची भयंकर भीती वाटे. त्यांनी ठरवलं की महिनाभर न्यूयॉर्कमधल्या ब्रॉंक्सच्या वनस्पती उद्यानात जायचं आणि बाकावर एकटी बसलेली बाई दिसली की शेजारी बसून बोलायला लागायचं. शंभरेक जणींशी ते बोलले. एकीने पुन्हा भेटायचं कबूल केलं, आणि ती काही आली नाही. पण भीती गेली. शंभर वेळा बोलूनही आभाळ कोसळलं नाही, हे त्यांच्या मनाने डोळ्यांनी पाहिलं होतं.

आपल्या वऱ्हाडात हेच एका निरक्षर माणसाने फार मोठ्या मापावर केलं. गाडगेबाबांचा जन्म १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. घरात बारसं म्हणजे जातीला दारू-मटणाचं जेवण, असा रिवाज. पहिल्या मुलीच्या बारशाला बाबांनी, म्हणजे तेव्हाच्या डेबूजींनी, पंगतीला लाडू वाढले. रिवाज मोडण्याबद्दल आधी भाषण नाही, ठराव नाही, पानात लाडू. लोकांची कुरबुर नंतर. १९०५ साली घर सोडल्यावरही रीत तीच राहिली. गावात शिरायचं, खराटा घेऊन झाडायला लागायचं, आणि कीर्तन रात्री. दिवसभर झाडलेला रस्ता लोकांच्या डोळ्यांसमोर असायचा, त्यामुळे रात्रीचं बोलणं पोकळ वाटत नसे. कीर्तनातही ते सांगण्यापेक्षा विचारायचे जास्त, आणि उत्तर गावाच्या तोंडून यायचं.

मी यातून माझ्यापुरता नियम काढला, आधी हात आणि मग मन. मन तयार होण्याची वाट पाहत बसलो तर सोमवार येतच राहतात. हात मात्र लहान कामाला लावायचा. माझं पहिलं काम तासभर चालणं नव्हतं. दुधाचं पातेलं ओट्यावर ठेवलं की चपला घालून गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. बूटही नको. चार मिनिटं. बायको म्हणाली, ‘अहो, एवढ्याने काय होणार?’ काहीच होणार नव्हतं. साखर अर्ध्या पॉइंटानेही हलली नसती. पण ‘मी सकाळी बाहेर पडतो’ या वाक्याला रोज एक पुरावा मिळू लागला. कोपऱ्यावरून नळगंगेच्या पुलापर्यंत पाय कधी गेले, ते मला नीट सांगता येणार नाही.

त्यातलं ‘दुधाचं पातेलं ठेवलं की’ हे महत्त्वाचं आहे. ‘सकाळी फिरायला जाईन’ हा विचार हवेत तरंगतो, ‘अमुक झालं की तमुक’ हा जमिनीवर असतो. पीटर गोलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने यावर बरंच काम केलं आहे. त्याच्या सांगण्याचं सार इतकंच की, काय, कधी आणि कुठे करायचं ते ‘अमुक झालं की तमुक’ असं आधीच ठरवून ठेवा. मी त्यासाठी जुन्या पक्क्या गोष्टीच्या शेपटीला नवी गोष्ट बांधली. आमच्या शेजारच्या वहिनींनी हे काही न वाचता केलं. त्यांना वाचनाची आवड, पण दोन मुलं, सासू-सासरे, डबे. त्यांनी गावातल्या वाचनालयाचं पुस्तक गॅसच्या ओट्यावर, डब्यांच्या फळीवर ठेवलं. कुकर लावला की पुस्तक उघडायचं, तिसरी शिट्टी झाली की मिटायचं. दोन, फार तर तीन पानं. पुस्तकांवर हळदीचे डाग पडतात, त्याबद्दल ग्रंथपालांची बोलणीही त्यांनी खाल्ली. पण दोन वर्षांत त्यांनी जेवढं वाचलंय तेवढं मी निवृत्त होऊनही वाचलेलं नाही. टीव्हीसमोरच्या टेबलावर ठेवलं असतं तर तेच पुस्तक मुदत संपेपर्यंत तिथेच राहिलं असतं.

जागेचा विषय निघालाच आहे, तर शेगावच्या कचोरीचं सांगायलाच हवं. (हा ‘च’ राहू द्या.) अकोल्याहून परत येताना गाडी शेगावला थांबते. मी घरून डबा नेलेला, दुपारी पोटभर जेवलेला. गाडी थांबेपर्यंत भुकेचा पत्ता नसायचा. मग खिडकीबाहेरून ‘कचोरी, गरम कचोरी’ ऐकू यायचं, तेलाचा आणि तळलेल्या मिरचीचा वास गाडीच्या डब्यात शिरायचा, आणि हात खिशाकडे निघायचा. कागदाच्या तुकड्यावर दोन कचोऱ्या, वर मिरची, जलंब यायच्या आत फस्त. ही कचोरी मी ‘खात’ नव्हतो, ती माझ्याकडून खाल्ली जात होती. मनाला किती दटावलं! शेवटी उपाय निघाला तो हास्यास्पद होता. फलाटाकडची खिडकी सोडून मी पलीकडच्या बाजूला, अपडाऊनवाल्यांच्या पत्त्यांच्या डावात जाऊन बसायला लागलो. हातात पत्ते असले की हात खिशात जात नाही. दहा दिवसांतून आठ दिवस कचोरी सुटली. उरलेले दोन दिवस मी शेवटपर्यंत सोडले नाहीत, आणि सोडायचा विचारही नव्हता.

तेव्हा मोडायची सवय कोणती हे ठरवल्यावर स्वतःला विचारा की ती कुठे होते, कोणाबरोबर होते, आणि त्या वेळी हात काय करत असतो.

तंबाखूच्या बाबतीत हाताचा प्रश्न फार मोठा आहे. माझा एक मित्र, बाजार समितीत कापसाच्या हंगामात हमालीचा हिशेब बघणारा. डबीतून चिमूट काढायची, चुन्याचं बोट लावायचं, डाव्या तळव्यावर अंगठ्याने मळायचं, दोन टाळ्या मारून धूळ उडवायची. तोवर शेजारचे दोन हात पुढे आलेले असायचे. त्याला तंबाखू सोडणं जमायचं, हे पुढे आलेले हात सोडणं जमायचं नाही. ‘मले तलफ नाही येत रे भाऊ, पण नुसतं बसलं की अंगठा आपोआप चालते,’ असं तो म्हणायचा. त्याने त्याच डबीत भाजलेली बडीशेप आणि ओवा भरला, आणि चुन्याच्या जागी काळं मीठ. मळायचं तसंच, टाळ्या तशाच, आणि शेजारच्यांनाही तेच. पहिल्या दिवशी शिव्या खाल्ल्या. तिसऱ्या आठवड्यात त्यातल्या एकाने स्वतःहून बडीशेप मागितली. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, हे टपरीसमोर उभं राहून कोणाला पटणार नाही. त्यामुळे बंदीवर भिस्त ठेवण्यापेक्षा आपल्या डबीत काय आहे ते बघितलेलं बरं. मदत हवी असेल तर तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत राष्ट्रीय सेवा आहे, १८००-११२-३५६. मनाच्या कोणत्याही त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक.

दारूबद्दल मात्र एक गंभीर सूचना. रोज आणि बरीच पिणाऱ्याने घरच्या घरी एका दिवसात बंद करण्याची मर्दुमकी दाखवू नये. हातपाय कापणं, भास होणं, फिट येणं इथपर्यंत प्रकरण जाऊ शकतं, जिवावरही बेतू शकतं. आधी डॉक्टर, मग निश्चय. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करतं आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बैठकांमध्ये ‘फक्त आजचा दिवस’ असं म्हणतात, त्यातही रतीबच आहे. जन्मभराची शपथ कोणी मागत नाही, आजचं पातेलं मागतात.

आता थोडं सवयीच्या नावाबद्दल. आपल्याकडे दर वर्षी हजारो लोक चातुर्मासात कांदा, लसूण, वांगी सोडतात. चार महिने! इच्छाशक्ती नाही असं कोण म्हणेल? पण चंपाषष्ठीला वांगी भाजून भरताचा घमघमाट सुटतो आणि चार महिने नेटाने पाळलेला नेम एका घासात संपतो. यात वाईट काहीच नाही, नेम मुळात तेवढ्यापुरताच होता. याच्या शेजारी माळकऱ्याला उभं करा. गळ्यात तुळशीची माळ पडली की मटण आणि दारू सुटते, एकादशी लागते, आणि बहुतेकांची ती जन्मभर टिकते. लग्नाच्या पंगतीत कोणी आग्रह केला तर तो ‘मी सध्या सोडलंय’ म्हणत नाही, ‘मी माळकरी आहे’ म्हणतो. आग्रह करणाराही गप्प बसतो. ‘सोडलंय’ या शब्दात पुन्हा धरण्याची फट असते. ‘माळकरी’ या शब्दात ती नाही. परदेशातल्या अलीकडच्या पुस्तकांत ओळख बदला, सवय बदलेल असं सांगतात. वारकऱ्यांनी ते काही शतकांपूर्वी दोऱ्यात ओवून गळ्यात घातलं. आणि माळ एकट्याने घालत नाहीत हेही बघा. ती कोणाच्या तरी हातून पडते, चार लोकांदेखत, आणि त्या चार लोकांबरोबर पुढे वारी असते.

तुम्ही वारकरी असा वा नसा, आपल्या सवयीला असं एखादं नाव शोधता येतं. मी ‘चालणारा’ झालो तो नळगंगेच्या पुलावर रोज भेटणाऱ्या तिघांमुळे. त्यांना माझं आडनाव कळायच्या आधी माझी वेळ कळली होती. दोन दिवस नाही गेलो तर तिसऱ्या दिवशी ‘काहून हो भाऊ, बरं होतं ना?’ हा प्रश्न ठेवलेला. डॉक्टरांच्या धाकाने जे झालं नाही ते या ‘काहून’ने केलं.

हंगामाचं गणितही आधी मांडून ठेवा, नाहीतर हंगाम तुमचं गणित मोडतो. एप्रिल-मे महिन्यात आमच्याकडे सात वाजताच ऊन चावायला लागतं, म्हणून त्या दोन महिन्यांत मी उजाडायच्या आत निघतो आणि निम्मंच चालतो. पावसाळ्यात काळी माती चपलेला किलोभर चिकटते, तेव्हा स्टेशनकडचा डांबरी रस्ता. शेतकऱ्याने कापूस वेचणीच्या दिवसांत नवं काही सुरूच करू नये, आणि जुनं असेल ते निम्म्यावर आणावं. निम्मं केलेल्या दिवसाला मी खाडा धरत नाही. कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो तरी हजेरी. सलग दोन खाडे पडले तर तिसऱ्या दिवशी काही झालं तरी तो चार मिनिटांचा फेरा मारायचा, एवढं एक पथ्य पाळतो.

आणि लिहून ठेवतो. कुठल्या ॲपमध्ये नाही, त्याच कालनिर्णयावर. चाललो त्या दिवशी काही लिहायचं नाही, चुकलो तर ‘खा’. गेल्या वर्षी एका महिन्यात लग्नसराई आणि ताप मिळून माझे सहा खाडे पडले. तीस तारखेला दूधवाला आला, बायकोने भिंतीवरचे ‘खा’ मोजले आणि सहा लिटरचे पैसे कापून त्याच्या हातावर ठेवले. तो बराच वेळ तारखांकडे बघत राहिला.

‘काकू, मी तं एकबी दिवस नागा नाही केला या महिन्यात!’

तेव्हापासून माझे खाडे लाल पेनाने.